भोंगे, बिनपगारी रजा आणि बँक स्ट्रीट

करोनाच्या लसीची सक्ती सरसकट बरोबर होती असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण फेब्रुवारी 2022 मध्ये कॅनडाच्या राजधानीत, ऑटवात, लसीच्या सक्तीविरुद्ध ट्रकवाल्यांनी जो ठिय्या दिला त्याच्या विरोधात मोर्चा निघाला, त्यात मी पिवळं जाकीट घालून स्वयंसेवक म्हणून उभी होते, आणि तेवढ्यावरून पुष्कळांनी माझी मतं परस्पर ठरवून टाकली. ‘ट्रूडोची माणसं’, म्हणजे तेव्हाच्या पंतप्रधानांची, असं आम्हाला एका बाजूनं म्हटलं जात होतं, आणि दुसऱ्या बाजूनं ‘या वेड्यांना काय समजावताय, घाला तुरुंगात’ असे सल्ले येत होते. आम्ही यांतले कोणीच नव्हतो.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात काम करते आणि युनियनच्या आमच्या शाखेत स्ट्यूअर्ड आहे, म्हणजे कामगारांची प्रतिनिधी. 6 ऑक्टोबर 2021 ला सरकारनं जाहीर केलं की केंद्रीय कर्मचाऱ्यांनी लस घेतल्याचं लेखी कळवावं, नाहीतर बिनपगारी रजेवर जावं. घरून काम करणाऱ्यांनाही हाच नियम. आमच्या विभागातला एक सहकारी अडून बसला. माणूस वाचणारा, शांत, कामात चोख. लसीत चिप असते वगैरे तो कधी बोलला नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की मी दीड वर्ष माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून काम करतोय, माझ्यापासून लागण कोणाला होणार, माझ्या स्वयंपाकघराला?

त्याचा अर्ज भरून द्यायचं काम माझ्याकडे आलं. युनियनची भूमिका अशी होती, की लसीकरणाला पाठिंबा आहे, लस घ्या, घरच्यांनाही द्या, पण घरून काम करणाऱ्याचा पगार तोडणं हा वेगळा प्रश्न आहे. पुढे 2022 च्या वसंतात युनियननं त्यावर धोरणात्मक तक्रारही दाखल केली. हिवाळ्यात मात्र सगळं धूसर होतं. तो मला फोनवर विचारायचा, “तू माझी प्रतिनिधी की सरकारची?” शाखेतली दुसरी एक बाई होती, तिची आई वृद्धाश्रमात करोनानं गेलेली. ती म्हणायची, त्याच्यासाठी माझी वर्गणी खर्च करू नका. दोघंही आमचेच सभासद. ट्रक यायच्या आधी माझा हिवाळा या दोघांच्या मधे चालला होता.

मग जानेवारीअखेर ट्रक आले. निमित्त होतं 15 जानेवारीपासून लागू झालेल्या नियमाचं: सीमा ओलांडून परत येणाऱ्या कॅनडाच्या ट्रकचालकांनी लस घेतलेली नसेल तर विलगीकरण. निमित्तच म्हणते, कारण चालकांपैकी बहुतेकांनी लस केव्हाच घेतली होती. टीमस्टर्स या युनियनचे कॅनडात तेव्हा 15,000 च्या आसपास लांब पल्ल्याचे चालक सभासद होते. नव्वद टक्के चालकांनी लस घेतली आहे आणि हा ताफा आमचा नाही, असं त्यांनी उघड सांगितलं. ताफ्याच्या आयोजकांपैकी एका गटानं तर निवेदनच काढलं होतं, त्यात संसदेचं नेमलेलं वरचं सभागृह म्हणजे सिनेट आणि राणीच्या प्रतिनिधी गव्हर्नर जनरल यांनी आपल्यासोबत बसून सगळे निर्बंध उठवावेत अशी मागणी होती. निवडून आलेलं सरकार त्यांच्या हिशेबात नव्हतंच. टीका झाल्यावर ते निवेदन मागे घेतलं गेलं.

मी सेंटरटाउनमध्ये राहते, केंट स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर. संसदेसमोरचा वेलिंग्टन स्ट्रीट भरला, मग ट्रक आमच्या राहत्या गल्ल्यांत आले. ट्रकचा भोंगा आपल्याकडच्या घाटातल्यासारखा एकदा वाजून थांबत नाही हे मला तेव्हा कळलं. दिवसरात्र. इंजिनं चालूच, त्यामुळे खिडक्या बंद असूनही पडद्यांना डिझेलचा वास. खाली दूध आणायला गेलं की मास्क काढ म्हणून अंगावर येणारे लोक. ‘शेफर्ड्स ऑफ गुड होप’ ही बेघरांना जेवू घालणारी संस्था, तिथं जाऊन काही आंदोलकांनी जेवणासाठी कर्मचाऱ्यांना दमदाटी केली. पहिल्याच शनिवार-रविवारी स्वस्तिकाचे नाझी झेंडे दिसले. पोलीस उभे राहून पाहत होते.

सगळ्यात जास्त बोललं गेलं ते भोंग्यांबद्दल, आणि सगळ्यात कमी रिडो सेंटरबद्दल. संसदेजवळचा तो मोठा मॉल 29 जानेवारीला बंद झाला तो 22 फेब्रुवारीपर्यंत उघडला नाही. माझ्या मजल्यावर राहणारी नेपाळी मुलगी तिथं चपलांच्या दुकानात होती. दुकान बंद, तास बंद, पगार बंद. ‘कामगारांचं स्वातंत्र्य’ म्हणून तिच्या खिडकीखाली जे ओरडत होते त्यांच्यामुळेच तिचं फेब्रुवारीचं भाडं थकलं.

आणि त्याच आठवड्यात माझ्या दादाचा फोन. दादा एसटीत चालक, सांगली जिल्ह्यातल्या एका आगारात. विलीनीकरणासाठी एसटीचा संप नोव्हेंबरपासून चिघळलेला होता, दादा निलंबित होता, घर वहिनीच्या शिवणकामावर चाललेलं. त्यानं टीव्हीवर ऑटवा पाहिलं होतं. म्हणाला, “अगं, डायव्हर लोकांचा संप आहे ना तो? मग तू उलट्या बाजूला कशी?”

या प्रश्नाचं उत्तर मी नंतर कितीतरी जणांना दिलं, पण पहिल्यांदा दादाला देताना घाम फुटला. मी त्याला विचारलं, तुझ्या संपात रोज कोणाचा पगार बुडतो? “माझा.” इथं तिसऱ्याचाच बुडतोय. तुमची मागणी काय? विलीनीकरण, पगार, नोकरीची हमी. इथं माल उतरवायला तासन्‌तास थांबावं लागतं त्या वेळेचे पैसे मिळावेत, अशी एकही मागणी नाही. चालकाला कागदोपत्री ‘कंपनी’ करून त्याची रजा, विमा, ओव्हरटाइम बुडवायची एक पद्धत इथं रूढ आहे, तिच्याबद्दल चकार शब्द नाही. या देशात ट्रक चालवणाऱ्यांत पंजाबी मुलं प्रचंड संख्येनं आहेत. टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनमध्ये 2021 साली त्यांनी ‘नौजवान सपोर्ट नेटवर्क’ उभं केलं आणि बुडवलेल्या पगारासाठी मालकांच्या दारात निदर्शनं केली. त्यांच्यासाठी कोणी एक कोटी डॉलर गोळा केले नाहीत. ताफ्यासाठी एका संकेतस्थळावर तेवढे जमले होते, मग त्या कंपनीनंच ते थांबवले.

दादा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “पण पोलिसांनी हात नाही लावला अजून? आमच्याकडं असं रस्त्यावर गाड्या लावून बसलो असतो तर…” आणि हसला.

तर अशी मनं घेऊन आम्ही झूमवर बसलो. कामगार संघटनांचे लोक, भाडेकरूंच्या संघटना, आरोग्य केंद्रातले कार्यकर्ते, विद्यार्थी, वंशवादाविरुद्ध काम करणारे गट, नुसते चिडलेले शेजारी. पुढे ‘कम्युनिटी सॉलिडॅरिटी ऑटवा’ या नावानं ओळखली गेलेली आघाडी याच दिवसांत आकाराला आली. पहिल्या बैठकीत कामाचं फारसं काही झालं नाही. प्रत्येकाला आपल्या गल्लीचं सांगायचं होतं, आणि ते ऐकून घेणं भागच होतं. दरम्यान छोटी कामं आपोआप सुरू झाली: एकट्या बाईला दुकानापर्यंत सोबत करायची, म्हाताऱ्यांना औषधं पोचवायची, रात्री दोघा-दोघांनी वस्तीत फेरी मारायची. आमच्या वॉर्डातल्या नगरसेवक कॅथरिन मॅकेनी स्वतः रोज रस्त्यावर दिसत. एकवीस वर्षांची झेक्सी ली ही सरकारी नोकर मुलगी वकिलामार्फत कोर्टात गेली आणि 7 फेब्रुवारीला न्यायाधीशांनी भोंगे बंद करण्याचा हुकूम दिला. जे काम महापौर आणि पोलीस करू शकले नव्हते ते एका तरुण मुलीनं केलं, याचा बैठकीत सगळ्यांना आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.

खरा वाद मागण्यांवर झाला. एक गट म्हणे, ‘ट्रक हटवा, पोलीस बोलवा’ एवढंच ठेवू, सगळे येतील. आदिवासी हक्कांच्या चळवळीतली एक जुनी कार्यकर्ती होती, ती थंडपणे म्हणाली, आज तुम्ही जे अधिकार पोलिसांना मागून घ्याल ते पुढच्या वेळी आमच्या जमिनीवरच्या नाकेबंदीवर वापरले जातील. तुमच्या संपावरही. यावर कोणाकडे चोख उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं, की पोलिसांचं नाव घेऊन काही मागायचं नाही. वस्ती परत मिळावी हे म्हणायचं, आणि ताफ्यानं जे मागितलं नाही ते आपण मागायचं: दहा दिवसांची भरपगारी आजारपणाची रजा, परिचारिकांच्या पगारवाढीवर आमच्या ऑन्टारिओ प्रांतानं घातलेली एक टक्क्याची मर्यादा उठवणं, बुडालेल्या तासांची भरपाई. आजारपणाच्या रजेचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा. 2018 मध्ये प्रांतातल्या सरकारनं दोन भरपगारी दिवस काढून घेतले, मग महामारी आल्यावर वर्षभर ओरडल्यावर तीन दिवस तात्पुरते दिले. गोदामातला माणूस ताप अंगावर काढून कामाला का जात होता, हे ज्याला समजून घ्यायचं होतं त्याला तिथंच समजलं असतं.

घोषणांवरही बंधन घातलं. लस न घेतलेल्यांना मूर्ख, गावंढळ म्हणायचं नाही. हा आग्रह माझा होता आणि त्यावर माझी चेष्टा झाली. पण माझ्या डोळ्यांसमोर तो जेवणाच्या टेबलावरचा सहकारी होता. त्याला आपण हाकलला तर तो जाणार कुठे, हे केंट स्ट्रीटवर दिसतच होतं.

मग फोन. याद्या घेऊन संध्याकाळभर एकेकाला फोन लावायचे. या कामात कसलीही शोभा नाही. दहांतले सहा उचलत नाहीत, दोघं ‘बघते’ म्हणतात. एक सफाई कामगार बाई म्हणाली, “मी येईन, पण माझी पाळी दोनला सुरू होते, तोवर संपेल का?” तिचं ऐकून आम्ही भाषणं कापली. मोर्च्याचं वेळापत्रक अशा माणसांवरून ठरवावं लागतं, वक्त्यांवरून ठरवलं तर वक्तेच येतात.

मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही मी निरोप टाकला. आधी सन्नाटा, मग हळदीकुंकवाचे फोटो. मग एक काका: “आपण बाहेरून आलेली माणसं, आपल्याला यात पडायचं कारण काय?” तिथंच दुसऱ्या एकानं ताफ्याचं कौतुक करणारा व्हिडिओ पाठवला. ‘सरकारला कोणीतरी जाब विचारतंय’ ही भावना आपल्या लोकांतही होती, आणि ती नुसती मूर्खपणाची नव्हती. पण त्याच काकांच्या सूनबाई नर्स आहेत. त्यांनी मला वेगळा निरोप पाठवला, “मी येतेय. गटावर लिहू नकोस.”

आदल्या संध्याकाळी स्वयंसेवकांचं प्रशिक्षण झालं. आयुष्यात मोर्चे पाहिलेले, पण मोर्चा सांभाळायचं शास्त्र असतं हे पहिल्यांदा कळलं. कोणी अंगावर आला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. दोघांनी मधे जाऊन उभं राहायचं, पाठ त्याच्याकडे आणि तोंड आपल्या माणसाकडे, कारण आवरायचं असतं ते आपल्या माणसाला. कॅमेरा घेऊन टोमणे मारणाऱ्याला ‘तुमचं नाव काय’ एवढंही विचारायचं नाही, त्याला तेच हवं असतं. मोर्च्याचं डोकं आणि शेपटी यांत अंतर पडू द्यायचं नाही. चाकाची खुर्ची असलेले आणि लेकुरवाळे पुढे, कारण वेग त्यांचा असला पाहिजे. थंडीत मोबाइलची बॅटरी खाली बसते म्हणून फोन आतल्या खिशात, छातीशी.

शनिवार, 12 फेब्रुवारी. जमायचं होतं लान्सडाउन पार्कला आणि चालायचं होतं बँक स्ट्रीटवरून. संसदेपर्यंत जायचं नाही हे मुद्दाम ठरवलं होतं. समोरासमोर गाठ घालून मारामारीचा व्हिडिओ त्यांच्या हाती द्यायचा नव्हता. मला वाटलं होतं दोनतीनशे येतील. हजारो आले. पुढचं टोक दिसेना, मागचंही दिसेना. युनियनचे झेंडे होते, पण जास्त होते घरी रंगवलेले पुठ्ठे. ‘ऑटवा पुन्हा कंटाळवाणं करा’ हा फलक सगळ्यांना आवडला, कारण या शहराचा कंटाळवाणेपणा हा इथला जुना विनोद. कॉफीच्या दुकानांतून लोक बाहेर येऊन टाळ्या वाजवत होते. मी पंक्तीच्या डाव्या बाजूला होते, ओव्हरकोटवर ओढून बसवलेलं पिवळं जाकीट, खिशात तिळाच्या वड्या. थंडीनं त्या इतक्या कडक झाल्या होत्या की शेजारच्या टपाल कामगाराला एक दिली तर तो दाढ धरून हसायला लागला. एक पिकअप मोर्च्याच्या कडेनं भोंगा वाजवत गेली. आम्ही दोघी मधे उभ्या राहिलो, पाठ तिच्याकडे. आमच्या बाजूचा एक तरुण फुटपाथ सोडून धावणार होता, त्याच्याशी मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. गाडी गेली. तो मला म्हणाला, तू खरंच मला हवामान विचारलंस?

मोर्चा शिस्तीत संपला, आम्ही खूष होतो. पण एक बोच होतीच: संघटनांनी पंधरा दिवस फार जपून पावलं टाकली होती. रविवारी सकाळी लोकांनी आमची वाट पाहिली नाही.

बँक स्ट्रीट आणि रिव्हरसाइड ड्राइव्ह मिळतात तिथं, बिलिंग्ज ब्रिज या पुलाजवळ, नऊच्या सुमारास वीसपंचवीस शेजारी रस्त्यात उभे राहिले. ताफ्याच्या गाड्या पूर्वेकडच्या तळावरून शहरात रसद न्यायच्या, त्यांचा हा रस्ता. मला निरोप आला तोवर तिथं शेकडो जण जमले होते, दुपारपर्यंत ते हजाराच्या घरात गेले. मधे अडकल्या होत्या पस्तीसेक गाड्या, बहुतेक पिकअप, झेंडे लावलेल्या. आपण ज्याला रास्ता रोको म्हणतो तो हाच, फरक इतकाच की इथं कुत्री फिरवायला निघालेल्या आजीबाई होत्या आणि घसरगुंडीच्या पाट्या घेतलेली पोरं होती. थंडी अशी की पापण्यांवर बर्फ धरावा. कोणीतरी घरून सूप आणलं.

पोलीस आले, म्हणाले, जाऊ द्या त्यांना. लोक म्हणाले, जाऊ दे की, पण मागे, आणि झेंडे काढून. तासन्‌तास वाटाघाटी झाल्या. माझ्यासमोरच्या गाडीत एक साठीचा माणूस होता, काच अर्धी खाली केलेली. तो म्हणाला, मला लघवीला जायचंय. काही जण हसले. एका बाईनं त्याला कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत सोबत केली आणि परत आणून गाडीत बसवलं. त्यानं तिचे आभार मानले की नाही ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या एका गाडीत माझ्याच रंगाचा एक तरुण होता. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती काढून घेतली.

शेवटी एकेक गाडी सोडायचं ठरलं. झेंडा उतरवायचा, इंधनाचे डबे द्यायचे, काचेवरची पत्रकं काढायची, मग वळून घरी. एका चालकाची चिकटपट्टी निघेना. नखानं खरवडून त्यानं अर्धी काढली, उरलेली थंडीनं काचेला धरून बसली. गर्दी ‘पूर्ण काढ’ म्हणून ओरडत होती. मग पहिल्या रांगेतल्याच एकानं आपल्या गाडीतलं बर्फ खरवडायचं पातं आणून त्याच्या हातात दिलं. तो गुडघ्यावर बसून खरवडत राहिला, आम्ही थांबलो. संध्याकाळपर्यंत शेवटची गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी, 14 तारखेला, ट्रूडो सरकारनं आणीबाणीविषयक कायदा लावला. 1988 मध्ये झालेला हा कायदा, वापरला गेला तो पहिल्यांदाच. 15 ला पोलीसप्रमुखांनी राजीनामा दिला, 18 पासून कारवाई झाली आणि दोनतीन दिवसांत रस्ते मोकळे झाले. आमच्या गटात त्यावरून फूट पडायची वेळ आली. निम्मे सुटकेचा श्वास टाकत होते. बाकीचे विचारत होते, की आंदोलकांची बँक खाती गोठवायचा जो अधिकार या कायद्यानं मिळाला तो उद्या एखाद्या संपाच्या निधीवर चालला तर? न्यायमूर्ती रूलो यांच्या आयोगानं 2023 मध्ये कायद्याचा वापर योग्य ठरवला, आणि जानेवारी 2024 मध्ये संघीय न्यायालयाचे न्यायमूर्ती मोझली यांनी तो अवाजवी ठरवला. माझं मत मोझलींच्या बाजूचं. पुलावर जे घडलं ते कुठलाही कायदा न लावता घडलं होतं.

केंद्रीय कर्मचाऱ्यांवरची सक्ती 20 जून 2022 ला स्थगित झाली. माझा सहकारी कामावर परतला. आपण ताफ्यात गेलो होतो की नाही हे त्यानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बुडालेल्या पगाराची त्याची फाइल माझ्याकडेच राहिली, आणि आईच्या मृत्यूनंतर कडवट झालेली ती बाई आमच्या दोघांशी कामापुरतं बोलत राहिली.

19 एप्रिल 2023 ला आमचा स्वतःचा संप सुरू झाला. दीड लाखाच्या वर केंद्रीय कर्मचारी बाहेर पडले. धरणं सांभाळायला माणसं लागली तेव्हा 12 फेब्रुवारीची स्वयंसेवकांची यादी उघडली गेली आणि त्यातले बरेच जण पहिल्या दिवशी पहाटेच हजर होते. सहकारीही आला. सही केली, फलक घेतला, ठरलेले तास फेऱ्या मारल्या. कोणीतरी पिपाणी वाजवत होतं, तर सहकारी माझ्याकडे बघून म्हणाला, “आता शेजाऱ्यांनी कोर्टात जावं का?” मी हसले. घरून काम करण्याचा हक्क करारात यावा ही त्या संपातली एक मुख्य मागणी होती, आणि तिच्यावर त्याच्याइतकं पोटतिडकीनं बोलणारं आमच्या रांगेत दुसरं कोणी नव्हतं.